जिव्हाळ्याचा पुरावा

बनशंकरी सेकंड स्टेज, बंगलोर
४ ऑगस्ट १९९६

सुखदा,

तेवीस दिवस झाले. निपाणीचं पोस्ट बंद पडलंय, की तुझा उजवा हात? 'प्रिय' मुद्दाम लिहीत नाही. आधी उत्तर येऊ दे.

काल जेवताना अण्णा म्हणाले, "कॉलेज सोडलंस, सरी, ठीक आहे. आता पोस्टमनच्या परीक्षेला बस. नाहीतरी दिवसभर त्याच्याच वाटेवर असतोस." आई तोंडाला पदर लावून हसली. मी ताटावरून उठलो. तू नर्सिंग संपवून निपाणीच्या सरकारी दवाखान्यात गेलीस आणि मी वर्कशॉपच्या सरांची कॉलर धरून बी.ई.च्या तिसऱ्या वर्षातून बाहेर पडलो, हे एकाच महिन्यात झालं. घरात सगळे एकाचा दोष दुसऱ्याला लावतात. लावू देत.

आता एक सांगतो. जानेवारीपासून मी नोकरी करतोय. कायम झाल्यावर सांगणार होतो. कोरमंगलात प्रदीपकुमार म्हणून आहेत, किडनीच्या पेशंटांना मदत करायची संस्था चालवतात. नव्या कायद्यानं किडनी जवळच्या नातेवाइकानंच द्यायची. परकं माणूस देणार असेल, तर दोघांत जिव्हाळा आहे हे सरकारी समितीला पटवावं लागतं. जिव्हाळा कसा दाखवणार? जुनी पत्रं दाखवून. पण ज्या बाया किडनी देतात त्या पेशंटच्या घरी पंधरा-पंधरा वर्षं धुणीभांडी केलेल्या, त्यांना कुठं लिहिता येतं? त्यांच्या मनातलं मी लिहितो. वर मराठी, खाली इंग्रजी भाषांतर. प्रदीपकुमार पाठीशी उभे राहून म्हणतात, "हयवदन, प्रेम कमी पडतंय. स्वल्प जास्ती हाकू!" म्हणजे घाल अजून, सांबारात मीठ घालावं तसं.

माझी अकरा पत्रं समितीत पास झालीत. अकरा माणसं जगली, सुखदा. बी.ई. अर्धवट सोडलेल्या हातानं.

बाकी माझं तेच. तू हाक मारलीस तर चप्पल न घालता निघेन. माझ्या अंगातलं जे तुझ्या उपयोगाचं असेल ते आधी तुझं, मग माझं. मागायचीसुद्धा गरज नाही. हे गेल्या पत्रात लिहिलं होतं, त्याच्या आधीच्याही. तू त्यावर अक्षर लिहीत नाहीस. ताप आलेल्या पेशंटांची मात्र नावगावासकट माहिती देतेस.

तुझाच (तुला हवा असलो तर),
हयवदन


निपाणी
१६ ऑगस्ट १९९६

हयवदन,

हात शाबूत आहे. वेळ नाही. तीन नर्सांचं काम आम्ही दोघी करतो, त्यात काल झेंडावंदन, म्हणजे साहेबांच्या बायकोसाठी पेढे आणायलाही आम्हीच.

नोकरी लागली हे बरं झालं. पण एक कळलं नाही. 'जुनी' पत्रं तू आज लिहितोस, मग तारीख कुठली घालतोस? नीट सांग.

तुझ्या त्या वाक्यांवर मी लिहीत नाही, कारण ती वाचून जे होतं ते इनलँडवर मावत नाही. पुरे झालं एवढं?

आता ऐक. इथं विड्या वळणाऱ्या बायकांच्या लाइनीत, म्हणजे त्यांच्या चाळीत, आम्ही टीबीची तपासणी करतो. सगळा दिवस तंबाखूच्या धुळीत जातो त्यांचा. गेल्या महिन्यापासून आम्हाला पाहिलं की त्या दारं लावून घेतात. पोलिओच्या डोसालाही पोरं आणत नाहीत. परवा एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "तुमी आदी रगत काडताय, मग फाडताय."

असं का म्हणतात, तर माझ्या वॉर्डात कॉट नंबर सहावर गोजराबाई आहे. वय अठ्ठावीस. मार्चमध्ये एक माणूस तिला अगरबत्तीच्या कारखान्यात काम देतो म्हणून बंगलोरला घेऊन गेला. दीड महिन्यानं परत आली ती कुशीवर वीतभर टाक्यांचा व्रण घेऊन. पोटात खडा होता, काढला, असं तिला सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली. डावी किडनीच नाही. आणि आता कावीळ, रक्तातून येते ती. ऑपरेशनच्या वेळी चढवलेली रक्ताची बाटली कुणी तपासलीच नसणार. नवऱ्याचीही तपासणी तीच आलीय. तो गवंडीकाम करतो, त्याला कळतसुद्धा नाही काय झालंय.

तिला पत्ता माहीत नाही. सर्जापूर रोड, निलगिरीच्या झाडांना लागून पत्र्याची शेड, दारात निळ्या रंगाचा पाण्याचा पंप, एवढंच सांगते. तू तिथला आहेस. स्कूटर काढ आणि बघून ये.

सुखदा


बंगलोर
२४ ऑगस्ट १९९६

सुखदा,

जाऊन आलो. सर्जापूर रोडला निलगिरी सोडून आहे काय दुसरं? पाच तास फिरलो. तू म्हणतेस तसली शेड नाही. जी एक दिसली तिथं खरोखरच अगरबत्त्या वाळत होत्या, बाया मजेत बसल्या होत्या. विषय संपला.

आजारी माणूस तापात काहीही बोलतं, हे मी तुला सांगायला हवं? आणि समज, एखादीनं दिली असेल किडनी, मग नवऱ्याच्या भीतीनं म्हणत असेल खडा होता.

तारखेचं विचारलंस. तारीख कुठलीही असो, भावना खरी असली की झालं. तुम्हा दवाखान्यातल्या लोकांना प्रत्येक गोष्ट चार्टवर लागते.

एक ओळ लिहिलीस माझ्याबद्दल, 'इनलँडवर मावत नाही'. ती मी सतरा वेळा वाचली. तसल्या आणखी चार लिही. कॉट नंबर सहाबद्दल पुन्हा लिहू नकोस. मला त्याचा त्रास होतो.

हयवदन


निपाणी
३१ ऑगस्ट १९९६

हयवदन,

गोजराबाईनं काल तिची प्लास्टिकची पिशवी मला उघडून दाखवली. आत एक्स-रे, दोन रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या, आणि एका पत्राची झेरॉक्स. ऑपरेशनच्या आधी अंगठा घेतला तेव्हा ती हटून बसली होती म्हणे, अंगठा माझा तर कागद बी माझा, मला एक पायजे. तिची कटकट नको म्हणून कुणीतरी झेरॉक्स दिली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "सिस्टर, काय लिवलंय ते वाचा की जरा."

मी वाचलं. 'अण्णा, तुम्ही हाक मारली तर चप्पल न घालता निघेन. माझ्या अंगातलं जे तुमच्या उपयोगाचं असेल ते आधी तुमचं, मग माझं. मागायचीसुद्धा गरज नाही.'

अर्ध्यावर थांबले. तिला वाटलं मला अक्षर लागत नाही. मला अक्षर लागत नाही? 'झ'ची ती शेपटी मी दीड वर्ष उशीखाली घेऊन झोपतेय.

तुझी तीन पत्रं आणि तिचं एक कॉटवर शेजारी-शेजारी मांडली. तू मला जे लिहिलंस तेच तिच्या अंगठ्याच्या वर लिहिलंस. फक्त 'तू'चं 'तुम्ही' केलंस. तारीख घातलीस १९९१. त्या साली गोजराबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती, बंगलोर तिनं तेव्हा नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. ज्याला किडनी गेली तो 'अण्णा' कोण, हे ती मलाच विचारतेय.

भावना खरी असली की झालं, नाही का रे? कुणाची भावना? तिची तर किडनी होती फक्त.

आणि तू खोटं लिहिलंस. तुला शेड सापडली. तू खोटं लिहितोस तेव्हा वाक्यं आखूड होतात.

तिची धाकटी जाऊ रत्नाबाई जुलैत त्याच माणसाबरोबर गेलीय. कारखाना-बिरखाना काही नव्हता, हे गोजरा परत आल्यावर लाजेनं कुणाला बोलली नाही, म्हणून रत्ना गेली. तिचं पत्र लिहिलंस का? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. 'प्रिय' नको, 'तुझा' नको.

सुखदा


बंगलोर
५ सप्टेंबर १९९६

सुखदा,

लिहिलं. दहा ऑगस्टला. बारावं.

शेडही सापडली होती. निळा पंप दारातच होता. त्याच्या बाजूला प्रदीपकुमारची जीप उभी होती, तिच्या मागच्या काचेवर आमच्या संस्थेचा स्टिकर. मी स्कूटर बंद न करताच उभा राहिलो. आत सहा बाया. त्यातल्या एकीनं उठून मला विचारलं, "सायेब, मिशनीवर कधी लावनार? नुसतं रगतच काडत्यात सारकं." नाव विचारलं तर रत्नाबाई. तिचं नाव मी चार पानांत नऊ वेळा लिहिलं होतं, सुखदा. तिला पाहिलं पहिल्यांदाच. मी म्हणालो, हे काम-बिम काही नाही, चला माझ्याबरोबर. ती दोन पावलं मागं सरली. "तुमी कोन? कामावरनं काडाया आलाय व्हय?" मी घरी आलो आणि तुला ते पत्र लिहिलं. आखूड वाक्यांचं.

मला शिव्या द्यायच्या असतील तर पुढच्या पत्रात दे. आधी झालं ते वाच.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी पुन्हा गेलो. शेडला कुलूप. पंपसुद्धा उपटून नेलेला. तसाच कोरमंगलाला आलो आणि प्रदीपकुमारच्या टेबलावरची काच फोडली. तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "कूत्को, हयवदन. बस. पाणी पी."

"त्या बाया कुठंयत?"

"कुठल्या बाया? तू लिहितोस त्या? त्यांच्या मनातलं सगळं तुला ठाऊक असतं ना? मग त्या कुठं आहेत ते मला का विचारतोस?"

मी त्याच्या कानाखाली मारली. चष्मा पडला, तो त्यानं शांतपणे उचलला, पुसला. "एकीला तरी कधी विचारलंस, बाई, तुझ्या मनात काय आहे? मी फक्त नाव आणि वय दिलं. बाकी सगळं तुझं. कागदावर माझं अक्षर दाखव बघू एक."

नाही दाखवता येत. एकही नाही. मराठी बायकाच तो का आणतो ते मला आज कळलं. समितीत कुणाला मराठी येत नाही. ते कन्नडमध्ये विचारतात, बाई मान हलवते, संस्थेचा माणूस सांगतो की हो म्हणाली. आणि हातात माझं इंग्रजी भाषांतर असतंच.

पोलीस ठाण्यात गेलो. सबइन्स्पेक्टर म्हणाला, "लिहिणारा तूच, तक्रार करणाराही तूच. लव्ह फेल्युअरा?" शेजारचा हवालदार इतका हसला की त्याला ठसका लागला.

रत्नाबाईची केस समितीपुढं सतरा तारखेला आहे. देणाऱ्या बाईला तिथं स्वतः यावं लागतं. त्याच एका ठिकाणी ती मला दिसणार. त्या दिवशी सही झाली की दोन दिवसांत ऑपरेशन. मी आत घुसून ओरडलो की हे पत्र मी लिहिलंय, तर विचारतील, पुरावा काय? आजचं माझं अक्षर दाखवलं तर म्हणतील, नक्कल करून आलाय, नोकरीवरून काढलेला माणूस.

पुरावा तुझ्याकडं आहे. पोस्टाच्या शिक्क्यांसकट. मी तुला लिहिलेली सगळी पत्रं पाठव.

मला माहितेय मी काय मागतोय.

हयवदन


निपाणी
१० सप्टेंबर १९९६

हयवदन,

रजिस्टर पार्सलनं पाठवलीत. सदतीस आहेत, दोरा सोडू नकोस, तारखेप्रमाणं लावलीत. गोजराच्या पत्राची झेरॉक्स वर ठेवलीय.

पाठवायच्या आधी सगळी एकदा वाचली. कुठलं वाक्य आधी मला लिहिलंस आणि कुठलं आधी त्यांच्या कुणाच्या नावावर, ते मला आता सांगता येत नाही. तुलाही येत नसेल.

गोजराबाई रविवारी सकाळी गेली. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. रत्नाला माहीत नाही. तिला ते तू सांगायचंस. मी नाही, पोलीस नाही, तू.

अंत्ययात्रेला सगळी लाइन आली होती. एक बाई माझ्या अंगावर थुंकली, कारण माझ्या अंगावर पांढरी साडी होती. मी पुसलं नाही.

सुखदा


बनशंकरी, बंगलोर
१९ सप्टेंबर १९९६

सुखदा,

रत्नाबाईची दोन्ही मूत्रपिंडं तिच्या अंगात आहेत. हे पहिल्यांदा, कारण तू हेच आधी शोधणार.

सतराला मी दहा वाजल्यापासून जिन्यात बसून होतो. साडेअकराला ते आले. रत्नाबाई नव्या साडीत, प्रदीपकुमारचा माणूस, आणि पेशंट, वाणी नावाची मुलगी, एकोणीस वर्षांची, पाय सुजलेले, आईच्या खांद्याला धरून चालत होती. आईचं नाव वसुमती. आपल्यासारखंच बंगलोरचं जुनं मराठी घर. मी त्यांच्या मागून आत घुसलो. शिपायानं माझा शर्ट धरला, तो फाटला, पण मी तुझं पार्सल टेबलावर आपटलं.

अध्यक्ष म्हणाले, बाहेर काढा याला. मी म्हणालो, काढा, पण आधी ही दोन अक्षरं बघा. त्यांच्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रत्नाबाईच्या नावाचं पत्र घेतलं, तुला लिहिलेल्यातलं एक घेतलं, खिडकीपाशी नेलं. मराठी वाचता येत नव्हतं त्यांना, पण 'झ'ची शेपटी दिसत होती. म्हणाल्या, "याच्यात काय लिहिलंय? वाचा."

मी वाचलं. मग कन्नडमध्ये सांगितलं. सदतीसपैकी नऊ, सगळ्यांसमोर. चप्पल, अंग, आधी तुझं, सगळं. एका मेंबरनं तोंडावर फाइल धरली होती हसू लपवायला. घाम कानामागून गळत होता. प्रत्येक वाक्यानंतर डॉक्टरीणबाई दुसऱ्या पत्रात बोट ठेवायच्या, "हे इथंही आहे?" मी म्हणायचो, "आहे." प्रेमाचं भाषांतर करताना कळतं किती कमी शब्दांत आपण किती वेळा तेच लिहिलंय.

प्रदीपकुमारचा माणूस म्हणाला, हा वेडा आहे, प्रेमभंग झालेला, बाईला विचारा. आणि तो स्वतःच विचारायला पुढं झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा." माझ्याकडंही बोट केलं, "तुम्हीही." खालच्या मजल्यावरून एक शिपाई बोलावला, बेळगावकडचा. त्यानं मराठीत विचारलं, "बाई, ही मुलगी तुमची कोण?"

रत्नाबाईनं वाणीकडं बघितलं. "कोन म्हंजी? आज गाडीत बसल्याव बगितली. आजारी दिसतीया बिचारी."

"हिला तुम्ही काय देणार आहात?"

"म्या काय देनार? माज्याकडं हाय काय?"

शिपायानं ते कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

परवानगी नाकारली. पोलीस बोलवले. प्रदीपकुमारचा माणूस जिन्यावरून पळताना सापडला; प्रदीपकुमार स्वतः संध्याकाळी वकिलाबरोबर आला आणि वकिलाबरोबरच गेला. ज्या नर्सिंग होममध्ये ही ऑपरेशनं व्हायची तिथले डॉक्टर म्हणे परिषदेला गेलेत. मला दोन रात्री आत ठेवलं, अक्षर माझंच ना. आज जामीन. अण्णा आले होते. सही केली, स्कूटरवर बसले, म्हणाले, "बस मागं." बनशंकरीच्या देवळापाशी आल्यावर म्हणाले, "अकरा जणींची नावं आठवतात का?" मला सात आठवली. घरी आल्यावर पोलिसांना द्यायला ती लिहायला बसलो. चार अजून आठवत नाहीत आणि मला स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय. त्या चौघींच्या अंगात कुठली बाटली गेली, त्या कुठल्या गावात आजारी पडून आहेत, त्यांच्या घरात अजून कुणाला काय झालंय, कुणाला ठाऊक? तपासणार कोण?

आणि वसुमती. समितीच्या दारात तिनं मला धरलं. मला वाटलं मारते. तिनं वाणीला माझ्यासमोर उभं केलं. "मी देणार होते, माझी जुळली नाही. तो म्हणाला बाई खुशीनं देते. मी जास्त विचारलं नाही, मला विचारायचं नव्हतं. आता तू हिला सांग काय करायचं. लिहिणारा ना तू?" वाणी म्हणाली, "अम्मा, चल गं." मला वसुमतीचाही राग आला, आणि राग यायचा मला काय हक्क, म्हणून आणखी आला.

जबाब पुरा होईपर्यंत रत्नाबाईला इथंच राहायचंय. आईनं तिला आमच्या घरी आणलं. आईला, तुंगाबाईला, सगळे भितात ते उगाच नाही, ठाण्यातल्या सबइन्स्पेक्टरला म्हणाली, "ही तुझ्या बाकड्यावर झोपणार नाही, सरी?"

आज दुपारी मी रत्नाबाईला गोजराचं सांगितलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. कशानं गेली, कुणी नेलं, कागद कुणी लिहिला, सगळं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "कागुद आना."

तिला तुला लिहायचं होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शेवटी वाचून दाखवलं. 'माझं काळीज तुटतंय' या शब्दांशी तिनं हात वर केला. "ह्ये म्या म्हनले न्हाई. काडा त्ये." काढलं. पुन्हा वाचलं. आणखी एक ठिकाणी थांबवलं, तेही काढलं. तिसऱ्यांदा आईसारखं 'सरी' म्हणाली. ते खाली उतरवतो. तिनं जसं सांगितलं तसं.

हयवदन

"सिस्टरबाई, म्या रत्ना. बंगलोरात हाय, धड हाय. पोलिसांचं काम संपलं की येती. माजी जाऊ गेली त्ये कळलं. तिच्या धन्याला औशिद द्या, नको म्हनला तरी द्या. लाइनीतल्या बायांनी तुमास्नी शिव्या दिल्या आसतील, त्यास्नी सांगा रत्ना म्हनती, तपासाया थुकी द्या, पोरास्नी डोस द्या, दवाखाना येगळा आन ह्ये चोर येगळे. कामाला न्याया कुनी आला तर कागुद दोगांकडनं वाचून घ्या, एकाकडनं न्हाई. ह्या पोराच्या आईच्या हातचं खाती. पोराला म्या माफ केलेलं न्हाई. ह्ये बी लिव म्हनले, त्यानं लिवलंया."